व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी : 16 महिन्यांच्या वापरानंतर

16 महिन्यांपूर्वी आमच्या 8 जणांच्या फर्मने पहिल्यांदा व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी घेतली, म्हणजे आमच्या कामातल्या चुकीमुळे कोणाचं नुकसान झालं तर भरपाईचा भार उचलणारा विमा. आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चरल डिझाइन दोन्ही आम्ही एकत्र करतो, त्यामुळे चूक कुठूनही झाली तरी बोट आमच्याकडेच येतं. या काळात एकदा नूतनीकरण झालं आणि एकदा विमा कंपनीला खरोखरच कळवायची वेळ आली. पॉलिसी घेताना आम्ही फक्त विमा रकमेचा आकडा बघितला होता. आज मी आधी तारखा बघेन.

आगीच्या विम्यात आग लागली त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे बघतात. इथे हिशेब वेगळा आहे. ड्रॉइंग आज काढलं आणि दावा पाच वर्षांनी आला, तर दाव्याच्या वर्षातली पॉलिसी लागू होते, आजची नाही. म्हणजे मध्ये एक वर्ष जरी विमा सुटला आणि दावा नेमका त्याच वर्षी आला, तर आधी भरलेल्या हप्त्यांचा काहीही उपयोग नाही. त्यातच एक 'रेट्रोऍक्टिव्ह डेट' असते. त्या तारखेच्या आधी केलेलं काम पॉलिसीत येतच नाही. आम्ही हट्टाने आधीच्या 6 वर्षांची कामं आत घ्यायला लावली. हप्ता वाढला, पण ते पैसे वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही.

नूतनीकरणाला दोन आठवडे उरले असताना दुसऱ्या कंपनीचं स्वस्त कोटेशन आलं. विमा रक्कम तीच, हप्ता कमी. सही करायच्या बेतात होतो. तेव्हा ब्रोकरने दाखवून दिलं की त्यात रेट्रोऍक्टिव्ह डेट नव्या पॉलिसीच्या पहिल्या दिवसाची होती. आमची आजवरची सगळी कामं एका सहीत उघड्यावर पडली असती.

आणि त्याच आठवड्यात क्लायंटचा मेल आला. आम्ही डिझाइन केलेल्या एका इमारतीच्या दर्शनी भागावरची दगडी क्लॅडिंगची, म्हणजे भिंतीवर बाहेरून बसवलेल्या दगडी आवरणाची, दोन पॅनेल जागेवरून सरकली होती. 'हे कोणामुळे झालं ते बघावं लागेल,' एवढंच वाक्य. पैशांची मागणी नाही, नोटीस नाही. जुना पत्रव्यवहार काढला तर सात महिन्यांपूर्वीचा ठेकेदाराचा मेल सापडला : मंजूर ब्रॅकेट (पॅनेल भिंतीला धरून ठेवणारे आधार) मिळत नाहीत, हे चालतील का? आमच्याकडून एका ओळीचं उत्तर गेलं होतं : हरकत नाही. आकडेमोड केल्याची नोंद कुठेच नव्हती.

माझा कल थोडं थांबून बघण्याकडे होता. ब्रोकर म्हणाले, ''मॅडम, पैसे मागितले नाहीत म्हणून थांबू नका. आजच कळवा.'' कारण असं की, ज्यातून दावा उभा राहू शकतो अशी परिस्थिती चालू वर्षात लेखी कळवली, तर दावा पुढे कधीही आला तरी तो याच वर्षाच्या पॉलिसीला जोडला जातो. गप्प बसलो असतो तर नवी पॉलिसी म्हणाली असती, तुम्हाला हे आधीच माहीत होतं. जुनी तर तोवर संपलेली असती. आम्ही त्याच संध्याकाळी ड्रॉइंग, मेल आणि साइटचे फोटो जोडून कळवलं. आमच्या एका सहकाऱ्याने क्लायंटसाठी माफीचा मेल लिहून ठेवला होता, अगदी चांगल्या मनाने. तो थांबवला. विमा कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, अशी पॉलिसीची अटच आहे.

ते 'हरकत नाही' वाचताना मला 1981 ची कॅन्सस सिटीतल्या हायॅट रीजन्सी हॉटेलची दुर्घटना आठवत राहिली. लॉबीत एकाखाली एक टांगलेल्या पादचारी पुलांसाठी आधीच्या डिझाइनमध्ये एकच सलग रॉड होता. बांधणी सोपी व्हावी म्हणून त्याचे दोन केले, आणि वरच्या पुलाच्या जोडावर दोन्ही पुलांचा भार आला. शॉप ड्रॉइंगवर (सुटे भाग बनवणाऱ्याने काढलेल्या तपशीलवार ड्रॉइंगवर) अभियंत्यांचा शिक्का होता, नव्या जोडाची आकडेमोड मात्र झाली नव्हती. पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. आमची दोन पॅनेल कोणाच्या अंगावर पडली नाहीत, हे नशीब. तेव्हापासून आमच्याकडे साहित्यातला कोणताही बदल दोघांनी तपासल्याशिवाय आणि आकडेमोड फाइलला लावल्याशिवाय मंजूर होत नाही. हा नियम मला विम्याच्या कागदाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

करारांचंही तसंच. पॉलिसी 'वाजवी कौशल्य आणि काळजी' यात झालेली कसूर भरून देते. करारात आपण त्याहून मोठं वचन दिलं, उदाहरणार्थ इमारत हेतूसाठी योग्य ठरेलच अशी हमी, तर तो जादा भार बहुतेक पॉलिसी उचलत नाहीत. रॉबिन रिग या समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पाचा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला. पायांचं डिझाइन मान्य मानकानुसार होतं, चूक मानकातल्याच एका सूत्रात होती. तरी तांत्रिक परिशिष्टात 20 वर्षांच्या आयुष्याची अट होती म्हणून ठेकेदार जबाबदार ठरला. हे वाचल्यापासून मी करारांची परिशिष्टं स्वतः वाचते. 'सर्वोत्तम', 'खात्रीने', 'कोणताही दोष नसलेलं' असे शब्द दिसले की क्लायंटशी बोलून बदलून घेते. आतापर्यंत एकाच क्लायंटने नकार दिला आणि ते काम आम्ही सोडलं.

तक्रारी आहेत. आमच्या पॉलिसीत वकिलांचा खर्च विमा रकमेतूनच वजा होतो. लढाई लांबली तर भरपाईसाठी किती उरेल, याची चिंता राहते. पुढच्या वेळी तो खर्च वेगळा मागणार आहे. प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, भरायला आम्हाला तीन आठवडे लागले. सबकन्सल्टंटकडे स्वतःचा विमा आहे का, हा साधा प्रश्न तिथे पहिल्यांदा समोर आला आणि दोघांकडे नव्हताच. आम्ही त्यांना काम देतो तेव्हा क्लायंटपुढे उत्तर आम्हीच देतो, म्हणून आता प्रमाणपत्राची प्रत आल्याशिवाय काम सोपवत नाही.

पॅनेलचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाने ब्रॅकेट तपासायला नेले आहेत आणि क्लायंटशी बोलणं शांतपणे चालू आहे. दरम्यान आमचे ज्येष्ठ भागीदार पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांनी सही केलेल्या ड्रॉइंगवर दावा त्यांच्या निवृत्तीनंतरही येऊ शकतो. म्हणून माजी भागीदारांना पॉलिसीत नावानिशी धरलं आहे का, आणि उद्या फर्मच बंद झाली तर किती वर्षांचं रन-ऑफ कव्हर (काम थांबल्यानंतर जुन्या कामांवर येणाऱ्या दाव्यांसाठीचं संरक्षण) मिळेल, हे दोन प्रश्न मी कालच ब्रोकरला लेखी पाठवले.