२० किलोचा पीव्हीसी होम जिम सेट: जोर-बैठका असताना घ्यावा का?

ऑनलाइन ‘२० किलो होम जिम’ म्हणून जो सेट सर्रास विकला जातो, त्यात साधारणपणे २ किलोच्या चार आणि ३ किलोच्या चार पीव्हीसी प्लेट, १४ इंची दोन डंबेल रॉड आणि मुद्दाम वळवलेला ३ फुटी (कर्ल) रॉड असतो. हातमोजे, दोरी, ग्रिपर ही भरताड. नवशिक्याने हा सेट घ्यावा, जिम लावावी की नुसत्या जोर-बैठकांवर भागवावं? ते कुठला व्यायाम करायचा यावर ठरतं.

छाती-खांद्यांच्या, म्हणजे ढकलण्याच्या व्यायामाला सेट नकोच. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो. ७० किलोच्या माणसाला हे जवळपास ४५ किलो झाले. सेटमध्ये आहेतच वीस. शिवाय हा भार हवा तसा कमी करता येतो. हात ६० सेंटिमीटर उंचीवर टेकवले तर तो ४१ टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणून सुरुवात स्वयंपाकघराच्या ओट्यापासून करावी. १२-१२ आवर्तनांच्या तीन फेऱ्या नीट निघाल्या की पलंगाची कड, मग जिन्याची पायरी, मग जमीन. कंबर लोंबायला लागली किंवा कोपरं काटकोनात बाहेर फाकली की फेरी तिथेच थांबवावी. एकात कंबर धरते, दुसऱ्यात खांदा. तालमीतले जोर त्यानंतर. त्यांच्या झोक्यात पाठ आणि खांदे बरेच वळतात, ते कच्च्या अंगाला झेपत नाही.

बैठका शंभर मारल्या तर दम वाढतो, ताकद त्या मानाने कमी. ताकदीसाठी ५ ते १२ आवर्तनांतच पाय थकायला हवेत. इथे सेट उपयोगी पडतो: एका रॉडवर १० किलो चढवून तो छातीशी उभा धरायचा आणि तीन सेकंद घेत खाली बसायचं. टाचा उचलल्या जात असतील तर पाय थोडे रुंद करावेत. पण पाय लवकर तयार होतात आणि वीस किलो पुरेनासे होतात. जिममधला मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो, त्यामुळे पाय आणि डेडलिफ्टसाठी (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं) जिमला पर्याय नाही.

पैसे वसूल होतात ते ओढण्याच्या व्यायामात. घरात लटकायला दांडा नसेल तर पाठीला नुसत्या शरीराच्या वजनावर काम देणं अवघड. दाराच्या चौकटीत ताणून बसवायचा बार गुळगुळीत ग्रॅनाइटवर सरकतो, आणि पुलअपमध्ये पहिल्याच दिवशी जवळपास अख्खं शरीर उचलावं लागतं. त्यापेक्षा एक हात मजबूत स्टुलावर टेकवून, पाठ सपाट ठेवून, डंबेल कमरेच्या दिशेने ओढावं. झटका मारावा लागत असेल तर वजन जास्त आहे.

यातही एक हिशोब आहे. प्लेट दोन डंबेलांत सारख्या वाटल्या तर (रॉडचं वजन सोडून) ४, ६ आणि मग एकदम १० किलो. ६ वरून १० ही उडी नवशिक्याला मारते. एका वेळी एकच हात चालवायचा असेल तर सगळ्या प्लेट एकाच रॉडसाठी मोकळ्या होतात आणि २-२ किलोंनी वाढवत १६ पर्यंत जाता येतं. त्यापुढे जाड प्लेट रॉडवर सहसा मावत नाहीत. दोन्ही हातांसाठी १ किलोच्या चार प्लेट वेगळ्या घ्याव्यात, म्हणजे मधले ८ मिळतात. तिन्ही फेऱ्या १२ वर आल्याशिवाय वजन वाढवू नये.

सेटचे दोष उघड आहेत. प्लेटच्या आत सिमेंटसारखं मिश्रण असतं. आपटली की कवच तडकतं आणि भुकटी गळते, म्हणून खाली जाड चटई हवीच. स्प्रिंगचे लॉक गुळगुळीत रॉडवरून सरकतात. आटे असलेला रॉड आणि फिरवायचा नट असलेलाच सेट निवडावा. सोबत मिळणारा घडीचा बेंच टाळलेला बरा.

माल आल्यावर प्रत्येक प्लेट वजनकाट्यावर ठेवून पाहावी, डंबेलचा रॉड फरशीवर गडगडवून वाकडा नाही ना हे तपासावं आणि नट शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून बघावा. परतीची मुदत संपायच्या आत.