नाशिकची वाइन: आधी पांढरी, मग लाल

नाशिकची वाइन पहिल्यांदाच घेणार असाल तर रेड घेऊ नका. पांढरी घ्या, त्यातही चेनिन ब्लांक या द्राक्षाची. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षवाल्या घरात वाढलेली बाई म्हणून हे सांगते. पाहुणे येतात, वाइनरी बघतात आणि जाताना हमखास सगळ्यात महागडी रेड उचलतात. घरी नेऊन उन्हाळ्यात कपाटात ठेवतात, तिखटजाळ मटणासोबत उघडतात आणि मग फोन येतो, "अगं, कडूच लागली." बाटलीत काही वाईट नसतं. ताटातल्या तिखटाने आणि बाहेरच्या उकाड्याने तिचं मातेरं केलेलं असतं.

नाशिकच्या सुला वाइनरीची चेनिन ब्लांक बहुतेक दुकानांत मिळते. झाकण फिरकीचं, त्यामुळे बूच उघडायची खटपट नाही. चांगली गार करून ओतली की आधी पिकलेल्या पेरूचा वास येतो, मागून थोडा अननसाचा. पहिला घोट गोडसर लागतो, पण ती गोडी जिभेवर चिकटून बसत नाही. पाठोपाठ आंबटपणा येतो आणि तोंड स्वच्छ करून जातो. या द्राक्षाचं मोल त्या आंबटपणात आहे. चेनिन मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, थंड मुलखातली. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढायला लागलं की मण्यात साखर भराभर भरते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. चेनिनमध्ये तो मुळातच जास्त असतो, म्हणून काढणीपर्यंत हाती बऱ्यापैकी उरतो.

माझ्या वहिनीचं माहेर जळगावकडचं. तिच्या हातचं भरीत म्हणजे भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, हिरव्या मिरच्या सढळ, वर कच्ची कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. या जेवणाला चेनिनइतकी साथ दुसरी कुठलीच वाइन देत नाही. मिरचीचा चटका बसला की एक घोट घ्यायचा. गोडी तो चटका शमवते आणि पुढचा घास पुन्हा ताज्या तोंडाने खाता येतो. घरात तोपर्यंत वाइनला हात न लावलेली आमची काकूसुद्धा त्या रात्री म्हणाली, "हे बरं लागतंय गं भरताबरोबर." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

दुसरी पांढरी, सॉव्हिन्यॉन ब्लांक, हिची गोष्ट वेगळी. ही सुलाचीच घ्या, कारण नाशिकमध्ये हे द्राक्ष रुजवण्याचं श्रेय त्यांचंच आहे. सुलाचे संस्थापक राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाच्या बाजूला वेली लावल्या आणि 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली. तेव्हा तालुक्यात सगळीकडे थॉम्पसनच, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं. वाइनची द्राक्षं घेऊन काय करायचं, ती कोण खाणार, असंच सगळे विचारायचे.

या वाइनला ढोबळी मिरची नुकती चिरल्यावर येतो तो हिरवा वास असतो, त्यात लिंबाच्या सालीची झाक. गोडी जवळपास नाहीच. ज्यांना वाइन म्हणजे सरबत वाटतं त्यांना ती आवडणार नाही. मला ती जानेवारीत, सोलाण्यांच्या दिवसांत, फार आवडते. ओल्या हरभऱ्याची आमटी, त्यात वाटलेली कोथिंबीर, लसूण, खोबरं. ताटातला आणि ग्लासातला हिरवेपणा एकमेकांना असे सापडतात की दोन्हींची चव वाढते. मेथीच्या भाजीसोबत मात्र नको, तोंडात कडवटपणा साचतो.

कोथिंबीर वडी, कांदाभजी, बोंबील फ्राय असं काही तळलेलं असेल तर सुलाची ब्रूट आणा. ही फसफसणारी, दुसऱ्यांदा बाटलीतच आंबवलेली. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून तेल कापून टाकतात. तिच्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखं नाही, पण वड्या गरम असतानाच उघडा.

आता रेड. दादाची बाग मुख्यतः थॉम्पसनची, कडेला थोडी शिराज, म्हणजे रेड वाइनचं काळं द्राक्ष, आहे, ती तो करारावर एका वाइनरीला देतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. थॉम्पसनला मणी फुगावा म्हणून जीएची (जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकाची) बुडी द्यायची, घड विरळायचा, साल पातळ आणि रंग हिरवा-पिवळा राखायचा. शिराजमध्ये मणी बारीकच हवा आणि साल जाड, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. काढणीच्या आधी दादा रोज सकाळी वेगवेगळ्या वेलींवरचे मणी तोडून खातो. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतो ते आहेच, पण निर्णय घेतो तो बी चावून. बी हिरवी आणि तोंड आवळणारी असेल तर थांबायचं. ती तपकिरी झाली, दाताखाली कडकन फुटली आणि भाजलेल्या दाण्यासारखी लागली की गाडीला फोन. मीही त्याच्यामागून फिरत बिया चावल्या आहेत. तेव्हापासून रेडचा घोट घेतला की माझं लक्ष आधी तुरटपणाकडे जातं: तो हिरव्या बीचा आहे की पिकलेल्या?

दिंडोरी रिझर्व्ह शिराजमध्ये तो पिकलेला लागतो. ही सुलाची, ओकच्या पिंपात मुरवलेली. ग्लासात गडद जांभळी, वास काळ्या मिऱ्याचा आणि पिकलेल्या जांभळाचा, मागे लाकडाचा थोडा धूर. ती मटणासोबत प्यायची हे लोकांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त काळ्या मसाल्याच्या रश्श्यासोबत नाही. तिखटाने अल्कोहोल जास्त जळजळतं आणि तुरटपणा कडू होतो. अळणीसोबत प्या. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं मटण, त्याचं तूप तरंगणारं अळणी पाणी वाटीत, वरून मिरपूड. मांसाची चरबी शिराजचा तुरटपणा मऊ करते आणि वाइनमधलं मिरं वाटीतल्या मिऱ्याला जाऊन भेटतं. तिखट रस्सा नंतर भाकरीसोबत ओरपा, तोवर ग्लास संपलेला असू दे.

यॉर्क वाइनरीची आरोस ही रेड मला याहूनही आवडते. यॉर्क 2006 साली गंगापूर धरणाच्या परिसरातच सुरू झाली आणि 2021 मध्ये सुलाने विकत घेतली. आरोसमध्ये शिराजला काबर्ने सॉव्हिन्यॉन या दुसऱ्या काळ्या द्राक्षाची जोड आहे. काबर्नेमुळे तिला कणा येतो, घोट गिळल्यावरही चव बराच वेळ तोंडात राहते. ही घाईत पिऊ नका. उघडून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवली की लाकडाचा वास मागे हटतो आणि फळ पुढे येतं. पहिला ग्लास आणि तिसरा ग्लास वेगळ्या बाटल्यांतले वाटावेत इतका फरक मी अनुभवला आहे.

नाशिकबाहेरचं एक नाव घेतलंच पाहिजे. अकलूजच्या फ्रातेली वाइनरीची सेत्ते ही रेड. सोलापूर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात इटालियन सांजोव्हेसे द्राक्ष लावायचं धाडस मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची या तीन घरांनी मिळून केलं. सेत्ते म्हणजे सांजोव्हेसे आणि काबर्ने यांचं मिश्रण. हिच्यात आंबटपणा आमच्या शिराजपेक्षा जास्त जाणवतो, म्हणून टोमॅटो असलेल्या जेवणाला ती चालते. नाशिकची म्हणून मला शिराजचा अभिमान, पण बाटली कोणती चांगली असं विचाराल तर आरोसच्या बरोबरीने मी सेत्तेचं नाव घेईन.

रेड पिताना एक पथ्य मात्र पाळा. खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या खोल्यांचा आहे, तो साधारण 16 ते 18 अंशांचा. आपल्याकडे एप्रिलमध्ये पंख्याखाली 35 अंश असतात. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. पांढरी 8 ते 10 अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी.

आणि पांढरी घेताना लेबलवरचं साल वाचा. या वाइन मुरवण्यासाठी केलेल्या नसतात. दोन-तीन वर्षांत संपवायच्या असतात. आमच्या भागातल्याच एका दुकानात पांढऱ्या बाटल्या काचेच्या शोकेसमध्ये, दुपारच्या थेट उन्हात उभ्या असतात. तिथून आणलेली एक बाटली उघडली तर रंग गडद पिवळा आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. दुकानदाराला दाखवली तर म्हणाला, "वाइन जुनीच चांगली असते, ताई." याचा मला मनापासून राग येतो. बागेत डावणी-भुरीसारख्या रोगांपासून घड वाचवायला रात्र-रात्र जागायचं, वाइनरीत एकेका अंशाचं गणित सांभाळायचं आणि शेवटच्या दहा फुटांत ऊन दाखवून सगळं घालवायचं. दुकानात विचारायला संकोच करू नका. आतल्या, सावलीतल्या खोक्यातली बाटली मागा. ते देतात.

गोडासाठी निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या रेव्हेलो वाइनरीची लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा काढलेली, चेनिन. चेनिनचेच घड, पण वेलीवर जास्त दिवस ठेवलेले. पाणी कमी होऊन साखर आत दाटते. बेदाण्याच्या गावच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. रंग सोनेरी, चव मध आणि जर्दाळूची. एवढी गोड असूनही चेनिनचा आंबटपणा शेवटी येतोच, म्हणून ती मिट्ट होत नाही. श्रीखंड किंवा पुरणपोळीसोबत देऊ नका, पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबट लागते. खारे काजू, भाजलेले बदाम किंवा जुनं, खारट चीज ठेवा. लहान ग्लासात दोन-दोन घोट पुरतात आणि उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस सहज टिकते.