मोंढ्यामागची परमिट रूम, जालना: बसायला साधी, व्यवहाराला चोख

जालन्यात आडत दुकानांच्या मागच्या गल्लीत ही परमिट रूम आहे. सजावट काही नाही, पण गल्ल्याच्या वरच एफएल-३ लायसन फ्रेम करून लावलंय, नूतनीकरणाच्या नोंदीसकट. लायसनचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून एप्रिलमध्ये कुठेही बसण्याआधी तो कागद जरूर वाचावा. एफएल-३ म्हणजे जागेवर बसून प्यायची परवानगी. बाटली घरी न्यायची तर वाइन शॉप. इथे पार्सल मागितलं की सरळ नाही म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

पिणाऱ्यालाही परवाना लागतो हे बरेच जण विसरतात. एक दिवसाचा ५ रुपयांत मिळतो, इथे मागितला की लगेच देतात. बीअर-वाइनला वय २१ पूर्ण, बाकी दारूला २५. पोरगेलेसा चेहरा दिसला की आधारकार्ड बघतात.

एवढी कागदपत्रं का, तर आपल्याकडे हे सगळं वेगळ्या वाटेने आलं. निजामाच्या राज्यात अबकारीचा हर्रास व्हायचा आणि गुत्तेदार शिंदी, मोहाची दारू विकायचे. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा झाला तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९५९ च्या दुरुस्तीने तो कायदा इकडे लागू झाला. कायदा मुळात बंदीचा, लायसन ही त्यातली सवलत. ती अटी मोडल्या की जाते, हे या मालकाला पक्कं ठाऊक आहे.

त्यात सगळ्यात मोठा फटका बसला तो महामार्गाच्या निकालाचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद केली, अंमल १ एप्रिल २०१७ पासून. २०,००० पर्यंत वस्तीच्या गावांना अंतर २२० मीटर झालं. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका-महापालिका हद्दीतल्या लायसनना हा आदेश आड येत नाही असं स्पष्ट झालं, तेव्हा कुठे शहरांतली शटर पुन्हा वर गेली.

आता मुख्य गोष्ट, बीअर. वाळूजचे कारखाने जवळ असल्याने माल ताजा येऊ शकतो, पण मे महिन्यात उघड्या टेम्पोत क्रेट तापले की चव मरते. हिरव्या बाटलीला ऊन तर लगेच बाधतं, उघडताच उग्र वास येतो. इथे क्रेट मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवतात आणि फ्रीज खचाखच भरत नाहीत, त्यामुळे ६५० मिलीची बाटली तळापर्यंत गार असते. तरी लेबलावरची तारीख बघा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. व्हिस्कीची क्वार्टर टेबलावर आणून तुमच्यासमोर सील तोडतात. पेग मागवला तर ३० किंवा ६० मिलीच्या मापानेच, अंदाजाने ओतत नाहीत.

बिलात दारूवर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी वेगळा दाखवतात. दारूवर जीएसटी लागतच नाही, कुठे लावलेला दिसला तर हटकून विचारा. परमिट रूमचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झालाय, तेवढा वाढीव आकडा मात्र रास्त आहे.

खायला खारे शेंगदाणे आणि मसाला पापड बरे. मटण आणि ज्वारीची भाकरी त्याहून सरस, पण भाकरी नऊनंतर संपते. आतल्या खोलीत एकच कूलर आहे, उन्हाळ्यात बाहेरचं टेबल पकडा.