मराठा चेंबर की बीएनआय?

पुण्यात छोटा कारखाना किंवा दुकान चालवणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: ओळखी आणि धंदा वाढवायला कुठं सभासद व्हावं? मराठा चेंबर म्हणजे पुण्यातली व्यापारी-उद्योजकांची संघटना, 1934 सालची. एकाच धंद्यातले पन्नास जण सभासद असले तरी तिथं चालतं. ओळखी होतात, पण सावकाश. खरा उपयोग कागदपत्रांचा: माल परदेशी पाठवताना लागणारा सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशात बनला याचा दाखला, चेंबर देतं, शिवाय सरकारदरबारी गाऱ्हाणं मांडायला वजन येतं.

बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल), म्हणजे एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांची संस्था. तिचा खाक्याच वेगळा. एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच माणूस. तुमच्याआधी दुसरा इंटिरियरवाला बसला असेल तर दुसरा चॅप्टर शोधा. दर आठवड्याला मीटिंग, बहुतेकदा भल्या सकाळी. उभं राहून मिनिटभरात आपलं काम सांगायचं, मग कोणी कोणाला किती रेफरल (गिऱ्हाइकाची शिफारस) दिले याची सगळ्यांसमोर नोंद. दांडी मारायची तर बदली माणूस पाठवायचा. (लवकर उठवत नसेल तर पैसे वाचवा.)

घरगुती गिऱ्हाईक असलेल्या केटररला, इंटिरियरवाल्याला किंवा विमा एजंटला मी बीएनआय सांगेन. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याला मात्र चेंबरच. त्याच्या गिऱ्हाइकाचा परचेस मॅनेजर सकाळी सातला रेफरल वाटायला येत नाही.