बॅटरीवरच्या सेन्सरसाठी एन्क्रिप्शन: एईएस, अ‍ॅस्कॉन की चाचा२०?

पाण्याचं मीटर, शेतातला ओलावा मोजणारा सेन्सर, गोदामातलं तापमान कळवणारी डबी. अशी वस्तू बनवायला घेतली की प्रश्न ठरलेला: बॅटरी काही वर्षं पुरायला हवी, रॅम जेमतेम, मग एन्क्रिप्शन कोणतं घालू? विचारात घेण्याजोगे पर्याय तीनच. निकाल आधीच सांगून टाकतो. चिपमध्ये एईएसचं हार्डवेअर असेल तर डोळे झाकून एईएस. नसेल तर अ‍ॅस्कॉन. चाचा२० एका ठरावीक परिस्थितीतच.

| | एईएस-१२८ (सीसीएम) | अ‍ॅस्कॉन-एईएडी१२८ | चाचा२०-पॉली१३०५ |
|---|---|---|---|
| किल्ली | १२८ बिट | १२८ बिट | २५६ बिट |
| नॉन्स | ७ ते १३ बाइट | १६ बाइट | १२ बाइट |
| टॅग | ४ ते १६ बाइट | १६ बाइट, छोटा करता येतो | १६ बाइट |
| टीएलएस १.३ च्या मूळ यादीत | आहे | नाही | आहे |

नॉन्स म्हणजे प्रत्येक संदेशाला एकदाच वापरायचा आकडा, आणि टॅग म्हणजे वाटेत कुणी संदेशात फेरफार केला नाही याची खूण. सीसीएम हा एईएस वापरायचा एक मोड, म्हणजे पद्धत; टीएलएस म्हणजे इंटरनेटवरचं संभाषण सुरक्षित ठेवणारा प्रोटोकॉल.

एईएस

२००१ पासूनचं मानक. ब्लूटूथ लो एनर्जी, झिगबी आणि लोरावॅन, या तिन्ही वायरलेस यंत्रणा एईएस-१२८ वरच चालतात, त्यामुळे रेडिओ असलेल्या बऱ्याच चिपमध्ये त्याचं हार्डवेअर आयतंच मिळतं. ईएसपी३२ मध्ये आहे, एनआरएफ५२८४० मध्ये आहे. एईएस छोट्या चिपवर मावत नाही, हा समज मात्र सोडून द्या. २५६ बाइटचा तक्ता आणि १७६ बाइटच्या फेरीकिल्ल्या (मूळ किल्लीपासून प्रत्येक फेरीसाठी बनवलेल्या) एवढंच त्याला लागतं. २ केबी रॅमच्या एटीमेगा३२८पी वरही तो बसतो.

मोड कोणता, जीसीएम की सीसीएम? हार्डवेअरची मदत नसेल तर सीसीएम. जीसीएमचा गुणाकार छोट्या प्रोसेसरला जड जातो, आणि सीसीएमला एईएसशिवाय दुसरं काही लागतच नाही, म्हणजे तेवढा कोड वाचतो.

अ‍ॅस्कॉन

अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने हलक्या एन्क्रिप्शनसाठी स्पर्धा घेतली. २०१९ मध्ये ५७ प्रवेशिका आल्या, २०२१ मध्ये त्यांतल्या १० अंतिम फेरीत पोचल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अ‍ॅस्कॉनची निवड झाली. अंतिम मानक ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. रचना मात्र २०१४ ची, त्यामुळे तिच्यावर हल्ले करून पाहायला संशोधकांना भरपूर वेळ मिळाला आहे.

अ‍ॅस्कॉनची सगळी अंतर्गत अवस्था ३२० बिटांची, म्हणजे ४० बाइट. तक्ते नाहीत; फक्त एक्सऑर, अँड, नॉट आणि बिट फिरवणं. त्याच गाभ्यातून हॅशही (डेटाचा छोटा ठसा) मिळतो, म्हणजे फर्मवेअर, अर्थात चिपमधलं सॉफ्टवेअर, तपासायला एसएचए-२५६ या हॅशचा वेगळा कोड कोंबायची गरज नाही. फ्लॅश तोकडी असेल तर ही बचत मोठी.

त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. मीटर भिंतीवर असतो आणि कुणीही तो काढून घरी नेऊ शकतो. वीज किती खेचली जाते हे मोजून किल्ली काढण्याचे हल्ले अशाच उपकरणांवर होतात. अ‍ॅस्कॉनला त्यापासून संरक्षण देणं एईएसच्या मानाने स्वस्त पडतं, कारण त्याच्या एस-बॉक्समध्ये (बिटांची अदलाबदल करणाऱ्या भागात) अँड गेट फार थोडे आहेत आणि संरक्षणाचा खर्च त्यांच्यावरच ठरतो. पण हे संरक्षण घालावं लागतं, आपोआप येत नाही. साधा कोड उतरवून घेतला आणि निर्धास्त झालात, तर उपयोग शून्य.

चाचा२०

३२ बिटांची बेरीज, एक्सऑर आणि बिट फिरवणं, एवढ्यावर चाचा२० चालतो. सॉफ्टवेअरमध्ये वेगवान आणि किती वेळ लागला यावरून किल्लीची माहिती गळण्याची भीती नाही. घोडं अडतं ते टॅग बनवणाऱ्या पॉली१३०५ पाशी. त्याला ३२ बिटांच्या दोन आकड्यांचा ६४ बिटी गुणाकार हवा असतो आणि कॉर्टेक्स-एम० हा छोटा प्रोसेसर त्याचं फक्त खालचं अर्धं उत्तर एका सूचनेत देतो. ८ बिटी चिपवर तर बोलायलाच नको. त्याहून दमदार कॉर्टेक्स-एम४, एईएस हार्डवेअर नाही आणि थेट टीएलएसवरून सर्व्हरशी बोलायचंय, अशी स्थिती असेल तर तो उत्तम.

बाकीची नावं झटपट. २००७ चा प्रेझेंट हार्डवेअरमध्ये इवलासा, सुमारे १५७० गेट्सचा. पण सॉफ्टवेअरमध्ये संथ आणि ब्लॉक (एका वेळी एन्क्रिप्ट होणारा तुकडा) फक्त ६४ बिटांचा. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा स्पेक वेगवान, पण २०१८ मध्ये आयएसओने तो नाकारला आणि लिनक्स कर्नेलमधूनही काढला गेला. नव्या कामात दोन्ही नकोत.

बॅटरी खातो तो रेडिओ

२०-३० बाइटचा संदेश एन्क्रिप्ट करायला तिन्हींपैकी कुणालाही काही मिलिसेकंदच लागतात. भारतातल्या ८६५-८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लोरावर (लोरावॅनचा दूर पल्ल्याचा रेडिओ) सर्वांत संथ गतीने (एसएफ१२) पाठवताना दर ५ बाइटांना सुमारे १६४ मिलिसेकंद हवेत जातात. म्हणजे ४ बाइटांऐवजी १६ बाइटांचा टॅग लावला की प्रत्येक संदेशामागे एक-तृतीयांश ते अर्धा सेकंद जास्त प्रसारण. त्याच गतीला एका संदेशात तुमच्या डेटासाठी जेमतेम ५१ बाइट मिळतात हेही धरा. अ‍ॅस्कॉनचा टॅग ८ बाइटांवर आणणं इथे शहाणपणाचं.

नॉन्स तर पाठवूच नका. उपकरणाचा क्रमांक आणि संदेशाचा काउंटर जोडून दोन्हीकडे तो तयार करा आणि हवेतून काउंटरचे खालचे २ बाइट तेवढे धाडा. लोरावॅनही ३२ बिटांच्या काउंटरमधले १६ च पाठवतं.

बॅटरी बदलली आणि काउंटर शून्यावर गेला, तर जुने नॉन्स पुन्हा वापरले जातात. जीसीएमसारख्या मोडमध्ये हे अक्षरशः मुळावर येतं. प्रत्येक संदेशाला फ्लॅशमध्ये लिहिणंही परवडत नाही: दर १५ मिनिटांना एक संदेश धरला तर १०,००० वेळा पुसण्याची क्षमता असलेलं पान साडेतीन महिन्यांत संपतं. म्हणून दर हजार संदेशांनी एकदा आकडा जपून ठेवा आणि चालू होताना जपलेल्या आकड्यात हजार मिळवून, तो नवा आकडा लगेच जपून, तिथून पुढे सुरू करा. मधले वाया जाऊ देत.

आणि किल्ली. २०१६ मध्ये वाइझमन इन्स्टिट्यूट आणि डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी फिलिप्स ह्यू दिव्यांच्या फर्मवेअरची एईएस-सीसीएम किल्ली वीज मोजूनच काढली. एईएसला धक्काही लागला नाही; पण एका प्रकारच्या सगळ्या दिव्यांत किल्ली एकच होती, त्यामुळे एक फोडला की सगळे उघडे. तुम्ही कारखान्यातच प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली द्या: मूळ किल्ली आणि अनुक्रमांक यांच्यापासून ती तयार करा, मूळ किल्ली सर्व्हरवरच ठेवा, चिपमध्ये फक्त तिची स्वतःची उतरवा.