आरओचं वाया जाणारं पाणी: फ्लशला, फरशीला, भांड्यांना की झाडांना?

घरगुती आरओ एक लिटर पिण्याचं पाणी देताना साधारण तीन लिटर नळीवाटे सोडून देतो. घरात रोज दहा लिटर शुद्ध पाणी लागत असेल, तर तीस लिटर सरळ ड्रेनेजमध्ये. ते साठवावं याबद्दल कुणाचं दुमत नसतं. पुढे मात्र "झाडांना घाला की!" हा सल्ला इतका पटकन मिळतो की बाकीचे पर्याय कुणी तोलून बघत नाही. माझ्या मते झाडांचा नंबर बराच खाली लागायला हवा.

आरओ क्षार नष्ट करत नाही, फक्त एका बाजूला सारतो. शुद्ध पाण्यातून काढलेले क्षार सोडलेल्या पाण्यात जातात. मूळ पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ३०० पीपीएम (लिटरमागे ३०० मिलिग्रॅम) असेल आणि यंत्र एक लिटरमागे तीन लिटर सोडत असेल, तर सोडलेलं पाणी ४०० च्या आसपास भरतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. मूळ पाणीच ९०० चं असेल, तर तो आकडा जवळपास १२०० होतो. आणि 'कमी पाणी वाया घालवणारा' म्हणून घेतलेला आरओ, म्हणजे जितकं शुद्ध तितकंच सोडणारा, त्याच ९०० च्या पाण्यातून १७५० च्या घरातलं पाणी बाहेर टाकतो. पाणी वाचवायला असं यंत्र उत्तमच. पण त्याची नळी कुंडीत सोडण्याआधी हा आकडा माहीत असावा.

म्हणून कोणताही पर्याय निवडताना मी आधी एवढंच बघतो की पाणी तिथून वाहून जातं की तिथेच वाळतं. वाहून गेलं तर क्षारही गेले. वाळलं तर पाणी उडतं आणि क्षार मागे उरतात.

या कसोटीवर संडासाचा फ्लश सगळ्यांत वर येतो. एका फ्लशला सहा-सात लिटर धरले तर तीस लिटरांत चार-पाच वेळचं काम भागतं. पाण्याची चव, जडपणा, टीडीएस यांतलं काहीच इथे आड येत नाही. टाकीत ओतायचा खटाटोपही नको, अर्धी बादली पाणी एका झटक्यात भांड्यात ओतलं तरी फ्लश होतो. फ्लशच्या टाकीला कायमची नळी जोडली, तर व्हॉल्व्हवर आणि फ्लोटवर हळूहळू क्षार धरतात, ते अधूनमधून घासून काढावे लागतात. मूळ पाण्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड जास्त म्हणूनच आरओ बसवला असेल, तर सोडलेल्या पाण्यात ते आणखी वाढलेलं असतं. अशा घराने ते पाणी फक्त फ्लशलाच वापरावं. स्वयंपाकाला, पाळीव जनावरांना किंवा भाजीच्या वाफ्याला नाही. टीडीएस मीटर यात काहीच मदत करत नाही. तो क्षारांची एकूण बेरीज दाखवतो, त्यात काय काय आहे ते नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून तपासणीच करून घ्यावी लागते.

फरशी पुसणं हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय, आणि रोजच्या सवयीला सगळ्यांत सोपा, कारण बादली तशीही भरायचीच असते. पण फरशीवर पाणी वाळतं. फिक्या, खडबडीत लादीवर काही कळणार नाही. काळ्या ग्रॅनाइटवर किंवा चकचकीत टाइलवर मात्र पांढुरके फराटे उठतात. फडकं घट्ट पिळून घेतलं आणि वर एक कोरडा हात फिरवला की भागतं. गाडी धुवायलाही हीच गत, म्हणून काचा शेवटी साध्या पाण्याने धुवाव्यात.

भांड्यांची खरकटी पहिली विसळ या पाण्याने खुशाल करा, शेवटची मात्र साध्या पाण्यानेच. कपड्यांच्या बाबतीत मी हात आखडता घेतो. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पावडर जास्त लागते, आणि पाणी तापवणाऱ्या वॉशिंग मशीनच्या हीटरवर थर चढतो. पायपुसणी आणि पोछे भिजवायला ठीक. इस्त्री, इन्व्हर्टरची बॅटरी आणि कूलर यांच्या जवळही हे पाणी नेऊ नका. कूलरचं तर कामच पाणी उडवण्याचं, त्यामुळे सगळा क्षार पॅडवर जमतो.

आता झाडं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार सिंचनाच्या पाण्यात ४५० पीपीएमपर्यंत क्षार असतील तर काही बंधन नाही, ४५० ते २००० दरम्यान जपून वापरावं, त्यापुढे धोका गंभीर. म्हणजे ३०० पीपीएमच्या नळाच्या घरात आरओचं पाणी बागेला निर्धास्त चालेल, ९०० च्या बोअरवेलच्या घरात नाही. हे आकडे शेताचे आहेत. कुंडीची गोष्ट आणखी नाजूक, कारण मूठभर मातीत क्षार साठत जातात, जमिनीसारखे खाली झिरपून जायला जागा नसते. पानांची टोकं करपू लागली, मातीवर किंवा कुंडीच्या बाहेर पांढरी पुटं दिसू लागली, की ओळखावं. घेवडा, गाजर, कांदा, स्ट्रॉबेरी, लिंबू-संत्री यांना खारं पाणी लवकर बाधतं. बीट आणि खजूर बरंच सोसतात. द्यायचंच असेल तर साध्या पाण्यात निम्मं मिसळून द्या, आणि मधूनमधून कुंडीतून खालपर्यंत निथळेल इतकं साधं पाणी ओता. आरओच्या आधी मिठावर चालणारा वॉटर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) असेल, तर बाग विसराच. त्या पाण्यात सोडियम जास्त असतं आणि चिकणमाती त्याने घट्ट बसते.

काही जण ते पाणी परत गच्चीवरच्या टाकीत चढवायचा विचार करतात. टीडीएसची भीती इथे वाटते तेवढी खरी नाही. घरात रोज पाचशे लिटर वापर असेल आणि त्यातलं दहा लिटरच शुद्ध होऊन बाजूला जात असेल, तर टाकीतले क्षार दोनच टक्क्यांनी वाढतात, बाकीचे रोज मोरीवाटे निघून जातात. माझा आक्षेप स्वच्छतेवर आहे. मेंब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा, जपण्यासाठी आधीच्या कार्बन फिल्टरने पाण्यातलं क्लोरीन काढून टाकलेलं असतं. असं उघड्या बादलीतलं, क्लोरीन नसलेलं पाणी सगळ्या घराच्या टाकीत का मिसळायचं?

साठवणीतही हेच आडवं येतं. क्लोरीन नसल्यामुळे शेवाळ लवकर धरतं, उघडं ठेवलं तर डास होतात. झाकणाची बादली किंवा पिंप घ्या, दोन-तीन दिवसांत संपवा. पिंपाला खाली तोटी असेल तर उपसण्याचा कंटाळा येत नाही, आणि कंटाळा आला की सगळी योजना बारगळते. नळी उतारानेच न्या. ती उंच चढवली किंवा कुठे दबली, तर मेंब्रेनवर उलट दाब येऊन क्षार तिथेच बसतात. सर्व्हिसिंगला फिल्टर बदलले किंवा औषधाने सफाई केली, तर त्यानंतरचं पहिलं पाणी पिंपात न घेता सरळ ड्रेनेजमध्ये जाऊ द्या.