जुन्या जीपला रेडिएटर घेताना: पितळी जाळी, तयार नग आणि ॲल्युमिनियम

महिंद्राची एमएम ५४०, मेजर किंवा कमांडर मे महिन्यात तोरणमाळच्या घाटात तापली की गॅरेजवाला सरळ रेडिएटर बदलायला सांगतो. त्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढाला काटा वर जातो आणि सपाटीला वेग घेतला की खाली येतो, तर हवा कमी पडतेय. अशा वेळी पंखा, बेल्ट आणि पंख्याभोवतीचं काऊल तपासायचं. धुळे-जळगाव रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगातही काटा उतरत नसेल, तर जाळी (रेडिएटरचा मधला, नळ्या-पत्र्यांचा भाग) चोक आहे किंवा वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पाणी फिरवत नाही. थंड इंजिन टोपी काढून चालू केल्यावर तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर दोष हेड गॅस्केटचा. तिथे नवा रेडिएटर म्हणजे पैसे पाण्यात.

जाळी चोक असल्याचं हाताने कळतं. इंजिन गरम करून बंद करा, पंखा पूर्ण थांबू द्या आणि जाळीच्या पुढच्या बाजूने जपून हात फिरवा. बाकी जाळी गरम असताना मधेच थंड पट्टा लागला, तर तेवढ्या नळ्या क्षाराने बुजलेल्या आहेत. आपल्याकडे बोअरचं पाणी सर्रास ओततात, म्हणून हे फार दिसतं.

माझी पहिली पसंती जाळीच्या वर-खालच्या जुन्या पितळी टाक्या ठेवून नवीन तांब्या-पितळेची जाळी बसवून घेण्याला. मूळ टाकीवरचं तोंड, नळ्यांचा कोन आणि पट्टीची भोकं आधीच गाडीला जुळलेली असतात. चेसिस पिळवटून एखादा डागाचा जोड सुटला, तर शहाद्यात किंवा चोपड्यातही कथिलाचा डाग देणारा माणूस मिळतो. टाक्या पातळ होऊन ठिकठिकाणी डाग लागलेल्या असतील, तरच हा मार्ग सोडा.

दुकानदार नळ्यांच्या चार रांगांची जाळी गळ्यात मारू बघतो. तीन रांगांचीच घ्या. जाळी जाड झाली की हवेला अडथळा वाढतो आणि मागच्या रांगेला आधीच तापलेली हवा मिळते. हायवेला हे खपून जातं, पण घाटात सगळी हवा पंख्यालाच ओढावी लागते. नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांच्या दाटीचाही मोह नको. इंचाला दहा-बारा पत्रे पुरेत, कारण कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावरचा तंतू आणि केळीच्या बागेतला चिखल दाट जाळीत असा बसतो की पाण्याने धुऊनही निघत नाही. धुताना पाणी कमी दाबाने आणि इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं. जोरात मारलं तर पत्रे आडवे होतात.

बाजारातला तयार पितळी नग स्वस्त पडतो, पण जुना काढून शेजारी ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका. जाळीची उंची, रुंदी, जाडी, वरच्या-खालच्या नळीचा बाहेरचा व्यास आणि भोकांमधलं अंतर टेपने मोजा. खालच्या नळीचा कोन थोडा जरी चुकला, तरी होज पाइप मुरडतो आणि ओढीने चिमटतो. दुकानातच नग पाण्याच्या टाकीत बुडवून १५ पीएसआय (टायरच्या हवेचं मोजतात तेच माप) दाबाने हवा भरायला सांगा. दहा मिनिटांत एकही बुडबुडा येता कामा नये.

ॲल्युमिनियम हलका असतो, आणि रुंद नळ्यांमुळे दोन रांगांतही उष्णता चांगली टाकतो. मात्र प्लॅस्टिकच्या टाक्यांचा प्रकार जीपला नको. टाकीची कड पत्र्याने दाबून बसवलेली असते, ती हादऱ्यांनी गळू लागते आणि गावात दुरुस्त होत नाही. पूर्ण वेल्डेड नग चालेल, पण रबरी बुशवरच बसवा आणि कूलंट कायम ठेवा. इंजिनचं अर्थिंग कच्चं असेल, तर पाण्यातून करंट जाऊन ॲल्युमिनियम आतून पोखरतं. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी रेडिएटरच्या पाण्यात धरा, धातूला टेकू देऊ नका. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं, तर आधी अर्थिंगची पट्टी नवी करा.

टोपी मूळ दाबाचीच हवी. दर १ पीएसआयला पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो हे खरं, पण जास्त दाबाची टोपी लावली की जुने होज आणि डागाचे जोड आधी फुटतात. काऊल काढून ठेवलं असेल तर शोधून परत लावा. पाती काऊलच्या आत निम्मी असावीत आणि जाळीपासून पाऊण ते एक इंच लांब. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकायचा सल्ला ऐकू नका. बिघडला असेल तर कंपनीने सांगितलेल्या तापमानाचाच नवा घाला.

भरताना कूलंट आणि बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे) निम्मं-निम्मं घ्या. हीटर असेल तर तो चालू ठेवा, टोपी उघडी ठेवून इंजिन मंद चालू द्या आणि थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली गेली की पुन्हा भरून टोपी लावा. पहिल्या लांबच्या फेरीनंतर, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, होजच्या क्लिपा पुन्हा आवळा आणि पातळी बघा.